परवाना दिलात, आता रस्ता दाखवा : परिवहन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. परिवहन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : नव्या दुचाकीचालकांसाठी अनुभवी चालकांच्या सोबतीने सामूहिक सराव-फेऱ्या सुरू करण्याबाबत.

महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी पुण्यात राहतो आणि गेली एकतीस वर्षे मोटारसायकल चालवतो. सहा वर्षांपासून, महिन्यातल्या एखाद्या रविवारी पहाटे, आम्ही तिघे मित्र ओळखीपाळखीतल्या चार-पाच मुलामुलींना सोबत घेऊन कात्रजच्या जुन्या घाटाने शिंदेवाडीपर्यंत जातो आणि त्याच वाटेने परत येतो. या मुलांना पक्का परवाना मिळून महिना-दोन महिनेच झालेले असतात. एवढ्याशा फेरीत आम्हाला जे दिसले, त्यावरून आपल्याकडे एकच मागणी करावीशी वाटते : राज्यातल्या प्रत्येक प्रादेशिक आणि उपप्रादेशिक परिवहन कार्यालयाने महिन्यातून एकदा अशी सराव-फेरी स्वतःच्या देखरेखीखाली काढावी.

आपल्याकडे दुचाकी कशी शिकली जाते, हे आपणास सांगायला नको. थोरला भाऊ, मामा किंवा मित्र एखाद्या मोकळ्या मैदानात क्लच आणि गिअर समजावून सांगतो, दोन संध्याकाळी गाडी बंद पडत पडत पुढे सरकते आणि तिसऱ्या संध्याकाळी मुलगा चौकातल्या दुकानातून दूध घेऊन येतो. शिकाऊ परवाना काढल्यावर तीस दिवस थांबायचे, मग चाचणीला जाऊन पाय न टेकवता आठ काढायचा. गाडी मंद वेगात तोलता येते का, हे त्या आठच्या आकड्यातून नीट कळते आणि तेवढ्यापुरती ती चाचणी योग्यच आहे. परंतु त्या आखलेल्या मार्गावर समोरून ट्रक येत नाही, उतार नसतो, वळणावर सांडलेली खडी नसते, जूनच्या पहिल्या सरीने वर आलेले तेल नसते. ज्याने आठ काढला तो दुसऱ्या दिवशी मागे आईला बसवून दिवे घाट उतरू शकतो, कारण कायद्याच्या दृष्टीने त्याचे शिक्षण पुरे झालेले असते.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांपैकी ७४,८९७ जण दुचाकीवर होते. आपल्या राज्यातला त्या वर्षीचा एकूण मृत्यूंचा आकडा १५,२२४ आहे. हेल्मेटची सक्ती, १२५ सीसीवरील नव्या गाड्यांना एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा), वाढवलेला दंड, हे सगळे उपाय आवश्यकच आहेत आणि त्यांना माझा पूर्ण पाठिंबा आहे. मात्र हेल्मेट पडल्यावर उपयोगी येते आणि दंड चुकल्यावर होतो. चूक होण्याआधी नवख्या चालकाच्या शेजारी कोणी असावे, याची व्यवस्था आज आपल्याकडे नाही.

गेल्या पावसाळ्यानंतरच्या एका फेरीतला प्रसंग सांगतो. बोगदा ओलांडून उताराला लागल्यावर माझ्या पुढे चाललेल्या एकोणीस वर्षांच्या मुलाच्या गाडीचा आवाज एकदम हलका झाला. त्याने गाडी न्यूट्रल केली होती आणि मागचा दिवा मात्र सतत लाल दिसत होता, म्हणजे पाय ब्रेकवरून निघत नव्हता. थोड्या पुढच्या मोकळ्या जागेत सगळ्यांना थांबवले. त्याला विचारले तेव्हा तो अगदी सहज म्हणाला, "काका, बाबा उतारावर असंच करतात. पेट्रोल वाचतं." मागच्या चाकाच्या ड्रमजवळ हात नेला तर धग लागत होती. ब्रेक असाच तापत राहिला तर त्याची पकड कमी होते आणि गाडी गिअरमध्ये नसेल तर इंजिन तिला मागे धरू शकत नाही, हे त्याला कोणीही सांगितले नव्हते. मग त्याला दुसऱ्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर सोडून, ब्रेकवर फक्त बोटे ठेवून उतरायला सांगितले. खाली पोहोचल्यावर त्याने हेल्मेट काढले आणि म्हणाला, "गाडी स्वतःच धरून ठेवते की!" त्याच्या वडिलांनीही बहुधा कोणाचे तरी पाहूनच ही सवय लावून घेतली असेल. अशा सवयी पिढ्यान्‌पिढ्या उतरतात, आणि त्या मोडायच्या तर घाटातच मोडाव्या लागतात.

त्याच फेरीत बँकेत नोकरी करणारी एक मुलगी स्कूटर घेऊन आली होती. बंद वळणावर समोरून मालाने भरलेला टेम्पो आला की ती त्याच्या बंपरकडे पाहत राही आणि गाडी हळूहळू त्याच्याच दिशेने सरके. नजर जिकडे जाते तिकडे गाडी जाते, ही गोष्ट आमच्यातले जुने लोक इतकी गृहीत धरतात की ती मुद्दाम सांगायची असते हेच विसरतात. आमच्यातला एकजण पुढची चार वळणे तिच्या पुढे राहिला आणि त्याने तिला एवढेच सांगितले, की टेम्पोकडे पाहू नकोस, माझ्या पाठीकडे बघ आणि मी वळण सोडून जिथे निघेन तिथे बघ. परतीच्या वाटेवर तिला पुढे कोणाची गरज लागली नाही. असे शिकवणे पुस्तकात नसते आणि वर्गात करता येत नाही. त्यासाठी घाट हवा, वळण हवे आणि घाई नसलेले एक माणूस हवे.

सामूहिक फेरी म्हटल्यावर आपल्या अधिकाऱ्यांच्या डोळ्यांसमोर कर्कश सायलेन्सरच्या पन्नास गाड्यांचा ताफा येईल, याची मला कल्पना आहे. म्हणून सांगतो की, संख्या मोठी झाली की सरावाचा हेतू बुडतो. रांगेतली पहिली गाडी ताशी पन्नास किलोमीटर वेगाने जात असेल, तर मागे पडलेल्या शेवटच्याला गाठण्यासाठी सत्तरने धावावे लागते. रांग रबरासारखी ताणली जाते, आणि नवखा नेमका शेवटी असतो. त्यामुळे एका फेरीत नवे चालक सहाच असावेत, त्यांच्याबरोबर तीन अनुभवी असावेत, एक सर्वांत पुढे, एक सर्वांत मागे आणि एक मध्ये. ज्याला सर्वांत कमी सराव आहे त्याला पुढच्या मार्गदर्शकाच्या लगेच मागे ठेवावे आणि सगळ्यांचा वेग त्याच्यावरून ठरावा. सरळ रस्त्यावर एक गाडी आपल्या मार्गिकेच्या उजव्या अंगाला, तिच्या मागची डाव्या अंगाला, अशी रांग धरावी आणि आपल्याच रेषेतल्या पुढच्या गाडीपासून किमान दोन सेकंदांचे अंतर ठेवावे. वळण आले की सगळ्यांनी एकामागे एक व्हावे, म्हणजे प्रत्येकाला आपापली वाट निवडायला पूर्ण रुंदी मिळते.

मार्गदर्शक निवडताना एक काळजी अवश्य घ्यावी. फार वर्षे गाडी चालवलेला प्रत्येकजण शिकवू शकतोच असे नाही. ज्याच्या लडाखच्या गोष्टी ऐकून मुले भारावतात, तोच कित्येकदा पहिल्या दिवशी त्यांना झेपणार नाही इतक्या वेगाने घेऊन जातो. असे आमच्याकडेही एकदा घडले आणि एका मुलाला हाताला सहा टाके पडले. तेव्हापासून आम्ही त्या मित्राला मार्गदर्शक म्हणून बोलावत नाही, जरी त्याच्याइतकी सफाईने गाडी चालवणारा माझ्या पाहण्यात दुसरा नाही. मोटार वाहन निरीक्षकांनी अशा स्वयंसेवकांना एक दिवस स्वतः रस्त्यावर पाहावे, त्यांची ई-चलनाची नोंद तपासावी आणि प्रथमोपचाराचे प्रशिक्षण झालेल्यांनाच ओळखपत्र द्यावे. मानधन नको. हे काम करू इच्छिणारे लोक प्रत्येक जिल्ह्यात आहेत आणि त्यांना फक्त अधिकृत मान्यतेची गरज आहे.

ओळखपत्राचा आग्रह मी उगाच धरत नाही. चार-पाच गाड्या एकत्र दिसल्या की नाक्यावर पोलीस थांबवतात, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ मध्ये शर्यतींना बंदी असल्याने त्यांचे थांबवणे चुकीचेही नाही. परिवहन कार्यालयाचे पत्र सोबत असेल, फेरीचा मार्ग आणि वेळ वाहतूक शाखेला आधी कळवलेली असेल, तर त्यांचाही वेळ वाचेल.

दुसरी अडचण विम्याची आहे. गाडीच्या विम्याबरोबर मिळणारे पंधरा लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण मालक स्वतः चालवत असेल तरच लागू होते. नव्याने शिकणारी बहुतेक मुले वडिलांच्या किंवा भावाच्या नावावरची गाडी चालवतात, म्हणजे ज्याला धोका सर्वाधिक त्यालाच हे संरक्षण नाही. फेरीच्या दिवसापुरता सहभागींचा सामूहिक अपघात विमा कार्यालयाने उतरवला, तर पालक निर्धास्तपणे मुलांना पाठवतील.

तिसरी गोष्ट शिकाऊ परवान्याची. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ३ नुसार शिकाऊ चालकाबरोबर परवानाधारक शिकवणारा त्याच वाहनावर असावा लागतो. मोटारीत हे सोपे आहे. दुचाकीवर मात्र मागे बसलेला माणूस ना ब्रेक दाबू शकतो ना हँडल धरू शकतो, उलट नवख्याला त्याचेही वजन तोलावे लागते. वेगळ्या गाडीवरून सोबत करणाऱ्या मार्गदर्शकाला मान्यता मिळावी, अशी शिफारस आपण केंद्राकडे करावी. तोपर्यंत थांबण्याचे मात्र कारण नाही. ज्यांना पक्का परवाना मिळाला आहे त्यांच्यापासून सुरुवात केली, तर कोणताही नियम बदलावा लागत नाही.

ब्रिटनमध्ये १९९० पासून नव्या दुचाकीचालकाला मूलभूत प्रशिक्षण घेतल्याशिवाय रस्त्यावर एकट्याने येता येत नाही. त्या प्रशिक्षणात किमान दोन तास प्रत्यक्ष रस्त्यावर गाडी चालवावी लागते आणि तेव्हा एका प्रशिक्षकामागे दोनपेक्षा जास्त शिकाऊ नसतात. आपल्याकडची संख्या पाहता एवढे प्रशिक्षक आज मिळणार नाहीत, पण नवख्यासोबत जाणत्याने रस्त्यावर उतरायचे, हे तत्त्व स्वयंसेवकांच्या बळावर आपल्यालाही आचरता येईल. खुद्द आपल्या केंद्र सरकारने २०२१ मध्ये मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांसाठी हलक्या मोटार वाहनाचा २९ तासांचा अभ्यासक्रम ठरवला आणि त्यातले २१ तास प्रात्यक्षिकाचे ठेवले. चार चाकांवर बसणाऱ्याला एवढा सराव लागतो असे आपण मानतो, तर दोन चाकांवर तोल सांभाळणाऱ्याच्या वाट्याला निदान रविवारच्या दोन सकाळी याव्यात.

या फेऱ्या महागड्या मोटारसायकलींच्या हौशी मंडळींसाठी ठेवू नयेत, ही माझी कळकळीची विनंती आहे. यात गिअर नसलेल्या स्कूटरला तितकेच स्थान असावे. घरपोच पार्सल पोहोचवणारी मुले, वाड्यावस्त्यांवर फिरणाऱ्या आशा सेविका, गावातून तालुक्याच्या कॉलेजला गाडीने येणाऱ्या मुली यांना आधी बोलवावे. त्यांना रोज रस्त्यावर उतरण्यावाचून गत्यंतर नाही आणि लांबच्या सहलींच्या गटांत त्यांना कोणी सामील करून घेत नाही.

जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियान होते, फलक लागतात, शपथा होतात. येत्या अभियानात पुण्यासह एखादा कोकणातला आणि एखादा विदर्भातला जिल्हा निवडून तिथे पहिल्या सहा फेऱ्या काढाव्यात. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा रस्ता सुरक्षा समितीने मार्ग ठरवावेत. सहा महिन्यांनी सहभागी चालकांना परत बोलावून, त्यांच्यापैकी किती जण पडले, कुठे पडले आणि का, हे त्यांच्याच तोंडून ऐकावे आणि पुढच्या फेऱ्यांत त्याप्रमाणे बदल करावा.

पुण्यातल्या पहिल्या फेरीसाठी आम्ही तिघेही पहाटे सहा वाजता कात्रज चौकात, आमच्या गाड्यांची कागदपत्रे, प्रथमोपचाराची पेटी आणि सहा जादा रिफ्लेक्टर जाकिटे घेऊन हजर राहू. तारीख आपल्या कार्यालयाने कळवावी.

कळावे,
आपला नम्र,
पुण्यातील एक दुचाकीचालक