रझांचा लाल

प्रिय विनायक,

सप्रेम नमस्कार. रझांच्या धर्तीचं चित्र करताना पॅलेटवर छान दिसणारा लाल कॅनव्हासवर वाळल्यावर मेला, असं तू लिहिलंस. फोटो मोठा करून पाहिला. आता दुसऱ्या कंपनीचा भडक लाल आणू नकोस. रझांचा लाल पेटतो तो खालच्या थरामुळे आणि शेजारच्या काळ्यामुळे. ट्यूब बदलून ते साधायचं नाही.

चित्रकार सय्यद हैदर रझा घडले जलरंगात. जन्म १९२२चा, वडील मध्य प्रदेशात मंडल्याकडे जंगलखात्यात. नागपूरच्या कलाशाळेत शिकून ते मुंबईला जे. जे. कलाशाळेत आले. त्या काळातले त्यांचे मुंबईचे रस्ते पाहा, पाणी आणि रंग एकमेकांत धावताहेत. १९४८ला काश्मीरमध्ये फ्रेंच छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ भेटले, त्यांनी चित्रांत बांधणी कमी पडते असं सांगून फ्रेंच चित्रकार सेझानची चित्रं पाहायला लावली. १९५०ला रझा पॅरिसला गेले आणि खरंच बांधणीच्या मागे लागले: कडक कडांची घरं, चर्चचे सुळके. मग तैलरंगाचे जाड थर, पॅलेट नाइफने ओढलेले. १९५६चं फ्रेंच समीक्षकांचं पारितोषिक याच सुमाराचं.

तुझ्या कामाचा भाग यानंतरचा आहे. १९६२ला ते अमेरिकेत बर्कलीला शिकवायला गेले, तिथे रॉथकोसारख्या अमूर्त चित्रकारांचं काम जवळून पाहिलं. पुढे तैलरंग सोडून ते अ‍ॅक्रिलिकवर, म्हणजे पाण्यात कालवायच्या झटपट सुकणाऱ्या रंगांवर आले. ‘तपोवन’, ‘ला तेर’ ही सत्तरच्या दशकातली चित्रं म्हणजे लहानपणीच्या जंगलातली रात्र. जाड तैलरंगाला वर साय धरते, आतला रंग महिनोन्‌महिने ओला राहतो. घाईने त्यावर थर चढवला की भेगा पडतात. अ‍ॅक्रिलिकचा पातळ हात अर्ध्या तासात सुकतो, म्हणून फटकाऱ्यावर फटकारा देता येतो आणि खालचा रंग मळत नाही. त्या वेगाशिवाय ही चित्रं अशी झाली नसती असं मला ठाम वाटतं.

आता तुझं कुठे चुकलं ते सांगतो. एक तर पाणी जास्त झालंय. रंगाच्या एक तृतीयांशाच्या पुढे गेलास की चिकटद्रव्य विरळ होतं आणि रंग खडूसारखा बसतो. पातळ हवा असेल तर मीडियम, म्हणजे बिनरंगाचं अ‍ॅक्रिलिक चिकटद्रव्य घाल. दुसरं, ओलं अ‍ॅक्रिलिक दुधट असतं आणि वाळताना एक छटा गडद होतं, म्हणून रंग कालवतानाच थोडा उजळ ठेव. पण तो उजळवायला तू पांढरा घातलास, तिथेच लालाचा थंड गुलाबी झाला. पांढऱ्याऐवजी नारिंगी किंवा पिवळा घाल.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे काळ्यावर थेट लाल. पारदर्शक लाल काळ्यावर तपकिरी दिसतो आणि पिवळा चक्क हिरवट. जिथे ज्वाळ हवी तिथे आधी पांढऱ्याचा हात दे, तो वाळला की पिवळा, त्यावर लाल.

काळाही ट्यूबमधला सपाट नको. बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी आणि अल्ट्रामरीन हा निळा साधारण निम्मे-निम्मे घे. एका कडेला अंबर वाढव, दुसरीकडे निळा. म्हणजे अंधारात खोली येते. आणि लाल-काळा जिथे भिडतात तिथे बोटभर पट्टी गेरूची किंवा पिवळ्या मातीची सोड. तू दोन्ही रंग ओल्यात ओले भिडवलेस, म्हणून मधे मातकट राड झाली.

वर्तुळं आणि त्रिकोण मात्र इतक्यात नकोत. रझांच्या चित्रांतला बिंदू, म्हणजे मधलं मोठं वर्तुळ, ठळक झाला तो १९८०च्या आसपास, तीस-पस्तीस वर्षं रंग हाताळून झाल्यावर. १९८३चं ‘सौराष्ट्र’ दोन मीटर बाय दोन मीटर आहे. तिथे भूमितीच्या चौकटीतही फटकारे जिवंत आहेत. नंतरच्या स्वच्छ कडांच्या बिंदूंपेक्षा मला हे चित्र जास्त मोलाचं वाटतं. यावर तू भांडशील, भांड.

मोठ्या कॅनव्हासला पुन्हा हात लावण्याआधी वीस सेंटिमीटरचा एक तुकडा कर. जेसोचे, म्हणजे पांढऱ्या अस्तराचे दोन हात, मधे हलकं सँडपेपर, वर बर्न्ट सिएना या तांबूस तपकिरीचा पातळ हात. त्यावर तीन पट्टे: लाल थेट, लाल पिवळ्यावर, लाल काळ्यावर. एक दिवस वाळू दे आणि ट्यूबलाइटखाली नव्हे, खिडकीच्या उजेडात फोटो काढून पाठव.

तुझा,
श्रीकांत