खणण्याच्या परवान्यात बुजवण्याचीही अट घाला: केंद्रीय संस्कृती मंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय संस्कृती मंत्री,
भारत सरकार यांस,

सविनय नमस्कार.

महाराष्ट्रातल्या गावांत ‘काळी’ आणि ‘पांढरी’ हे शब्द अजून ऐकू येतात. काळी म्हणजे शेतजमीन, पांढरी म्हणजे वस्तीची जागा. पिढ्यान्‌पिढ्या राख, शेण आणि पडलेल्या भिंतींची माती साचत गेली की जमिनीचा रंगच बदलतो आणि टेकाड उभे राहते. घोड नदीकाठचे इनामगाव हे असेच पांढरीचे टेकाड. डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात तिथे उत्खनन केले, शंभराहून जास्त घरे उजेडात आणली आणि 1988 साली सविस्तर अहवाल छापला. राजस्थानातले कालीबंगन 1960च्या दशकात खणले गेले. तिथल्या आद्य हडप्पा, म्हणजे हडप्पा शहरांच्या आधीच्या काळातल्या थरांचा सविस्तर अहवाल मात्र 2003 साली आला. मधल्या काळात त्या थरांवर प्रबंध लिहायला बसलेल्या विद्यार्थ्याला वार्षिक टिपणांवरच भागवावे लागले.

भारतीय आणि परदेशी संस्थांनी मिळून केलेल्या उत्खननांचे नेतृत्व आम्ही करतो. राजस्थानातल्या गिलुंडला पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ आणि डेक्कन कॉलेज, हरियाणातल्या राखीगढीला सोल राष्ट्रीय विद्यापीठ आणि डेक्कन कॉलेज, अशी एकत्र कामे आपल्याकडे झाली आहेत आणि त्यांतून पुष्कळ मिळाले आहे. म्हणून मागणी अशी आहे: परदेशी भागीदाराबरोबरच्या करारात आणि आपल्या अखत्यारीतील भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या परवान्यात, खणून झाल्यावरच्या कामाचा वेळ, पैसा आणि जबाबदारी खणण्याइतकीच नेमकी लिहिलेली असावी. आम्ही स्वतः जे प्रस्ताव पाठवतो त्यांत चौरस मीटर, मजूर, तंबू, ड्रोन यांचे हिशेब तपशीलवार असतात. पुढच्या कामासाठी मात्र एखादी ओळ असते.

पाच मीटर लांब, पाच मीटर रुंद आणि दोन मीटर खोल चौकोन खणला की 50 घनमीटर माती बाहेर येते. ती माती म्हणजेच पुरावा. थर एकदा काढला की तो परत जागी ठेवता येत नाही, त्यामुळे तो काढतानाच काय काय जपायचे हे आधी ठरलेले असावे लागते. प्रत्येक थरातून निदान 20 ते 40 लिटर माती पाण्यात ढवळून घ्यावी लागते. जळालेले दाणे वर तरंगतात आणि पाव मिलिमीटरच्या जाळीवर अडकतात. माशांचे काटे आणि मणी तळाच्या जाडसर जाळीवर राहतात. हे दाणे सावलीतच वाळवायचे, उन्हात टाकले तर तडकतात आणि जात ओळखता येत नाही. कालमापनासाठीही असा एखादा दाणाच उत्तम, कारण त्याचे आयुष्य एका हंगामाचे. खांबाचा कोळसा घेतला तर झाडाचे वय त्यात मिसळते आणि घर शंभर-दोनशे वर्षांनी जुने ठरू शकते.

खापरांच्या बाबतीत सगळ्यात जास्त नुकसान धुण्याने होते. दिवसभराची खापरे संध्याकाळी बादलीत टाकून ब्रशने घासायची ही जुनी सवय. हरियाणातल्या फरमाण्याच्या भांड्यांना चिकटलेल्या स्टार्चच्या कणांतून हडप्पा काळातल्या हळदीचा आणि आल्याचा माग लागला. सगळी भांडी घासून चकचकीत केली असती, तर तो लागला नसता. म्हणून प्रत्येक थरातली काही खापरे न धुता, हातमोजे घालून वेगळी ठेवावी लागतात आणि त्यांच्याबरोबर आसपासच्या मातीचा नमुनाही घ्यावा लागतो. तुलनेला तो नसेल तर भांड्यातला कण स्वयंपाकाचा की जमिनीतला, हे सांगता येत नाही.

हाडांची गोष्ट याहून नाजूक आहे. राखीगढीच्या 61 नमुन्यांपैकी फक्त एका स्त्रीच्या हाडातून वापरण्याजोगा डीएनए मिळाला, आणि त्यावरचा निबंध 2019 साली प्रसिद्ध झाला. आपल्या उष्ण हवेत जमिनीतच डीएनए तुटून गेलेला असतो. जे काही उरले असेल ते उघड्या हातांनी, शिंकण्याने, धुण्याने आणि पत्र्याच्या खोलीत वर्षभर ठेवण्याने जाते. दंतवैद्य वापरतात तसे मोजे आणि मुखपट्टी, कवटीतल्या कानाजवळच्या कठीण हाडाची वेगळी पिशवी आणि थंड साठवण हा खर्च खोदाईच्या पहिल्याच दिवशी हाताशी हवा.

आता भिंतींकडे येतो, कारण सगळ्यात जास्त हळहळ तिथेच होते. कच्च्या विटांची भिंत तीन-चार हजार वर्षे जमिनीखाली टिकते, कारण तिथे ओल आणि तापमान फारसे बदलत नाही. उघडी पडली की एका उन्हाळ्यात भेगाळते आणि पहिल्या पावसात वरून विरघळू लागते. खालून वर चढणारे पाणी क्षार आणते. क्षारांचे स्फटिक पृष्ठभागाखाली वाढतात आणि पापुद्रे सुटतात. मोहेंजोदडोच्या भाजक्या विटासुद्धा याच क्षारांनी झिजत आहेत, तर कच्च्या विटांचे काय सांगावे. पुष्कळदा घाईने प्लास्टिकचा कागद अंथरून वर माती लोटली जाते. तो उपाय उलटा पडतो: कागदाखाली ओल अडकते, शेवाळ धरते, मुळे पसरतात. पाणी आणि हवा जाऊ देणारे न विणलेले भू-वस्त्र भिंतीच्या आकाराबरहुकूम बसवायचे, फटींत चाळलेली वाळू भरायची, मग खणलेलीच माती चाळून 15-20 सेंटीमीटरच्या थरांनी हलके दाबत भरायची आणि माथा किंचित फुगीर ठेवायचा, म्हणजे पाणी साचत नाही. भू-वस्त्रामुळे पुढे खणणाऱ्यालाही जुन्या खोदाईची हद्द कळते. हे सगळे पाऊस सुरू होण्याच्या आधी संपायला हवे, म्हणून शेवटचे तीन आठवडे खणणे पूर्ण थांबवून फक्त यासाठी राखावे लागतात. जी भिंत लोकांना दाखवायची असेल तिच्यावर माती-भुशाचा लेप द्यावा आणि तो दर पावसाळ्यानंतर नव्याने द्यावा. झिजायचे ते लेपाने झिजावे.

परदेशी प्रयोगशाळेत नमुने जाणे आम्हाला हवे आहे. पण नमुन्याचा निम्मा भाग इथेच राहावा, उरलेले तुकडे परत यावेत आणि मोजमापांचे सगळे आकडे, छायाचित्रे आणि नकाशे हंगाम संपल्यापासून सहा महिन्यांत भारतीय भागीदाराकडे पूर्ण प्रतीच्या रूपात असावेत. आज हे पुष्कळदा एखाद्या संशोधकाच्या हार्ड डिस्कवर असते, आणि त्याची नोकरी बदलली की शोधाशोध सुरू होते. पिशवीतली कागदी चिठ्ठी ओलीने विरते, तेव्हा त्या खापराचा थर कळायला दुसरा मार्ग नसतो.

यात नवे फारसे काही नाही. 5 डिसेंबर 1956 रोजी युनेस्कोने उत्खननाच्या आंतरराष्ट्रीय तत्त्वांची शिफारस मंजूर केली, ती नवी दिल्लीतच. खणलेल्या जागेची देखभाल करारात असावी, मोठ्या स्थळाचा काही भाग पुढच्या काळातल्या चांगल्या पद्धतींसाठी न खणता राखावा, निष्कर्ष वाजवी मुदतीत छापावेत, हे त्यात आहे. ज्या शहरात ते ठरले तिथेच त्याला परवान्याच्या अटींचे रूप मिळावे.

त्या अटी अशा असाव्यात. खोदाईच्या प्रत्येक महिन्यामागे अभ्यासाचे निदान तीन महिने मंजूर व्हावेत आणि त्यांचा पैसा आधीच जमा असावा. वस्तुसंरक्षक पहिल्या दिवसापासून खंदकावर हजर असावा. तांब्याच्या वस्तूवर एकदा क्षाराची हिरवी भुकटी धरू लागली की हंगाम संपेपर्यंत थांबता येत नाही, ती वस्तू लगेच कोरड्या बंद डब्यात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलबरोबर जायला हवी. आधीच्या दोन हंगामांचा अहवाल हाती आल्याखेरीज तिसऱ्या हंगामाचा परवाना देऊ नये, आमच्यासह कोणालाही. आणि स्थळाचा किती भाग अजिबात खणायचा नाही, ते नकाशावर रेषा मारून परवान्यालाच जोडलेले असावे.

परदेशी भागीदार यामुळे पाठ फिरवतील, अशी भीती काहींना वाटते. ज्या संस्थेला आपल्या मातीत काही वर्षे घालवायची आहेत, तिला या अटी पटतील असा आमचा अनुभव आहे. घाईने खणून जाणाऱ्यांना त्या जाचतील. येत्या हिवाळ्याच्या परवान्यांची छाननी सुरू होण्याआधी यावर आदेश निघावा, म्हणजे भू-वस्त्र, सिलिका जेल आणि अभ्यासाच्या महिन्यांचे पगार आम्हाला याच वर्षीच्या अंदाजपत्रकात धरता येतील.

आपले,
प्राचीन वस्त्यांच्या उत्खननाचे काम करणारे पुरातत्त्वज्ञ