बेणारेचे स्वगत सुटे काढू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महाविद्यालयीन अभिनय स्पर्धा असो की नाट्यशाळेची प्रवेश चाचणी, ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मधले लीला बेणारेचे स्वगत हमखास ऐकायला मिळते. मुली ते जीव ओतून करतात. पण रिकाम्या रंगमंचावर एकटी बेणारे उभी करून ते सादर करण्याला माझा ठाम विरोध आहे. तो का, हे सांगताना विजय तेंडुलकरांचेच ‘कमला’ शेजारी ठेवावे लागेल.

संहितेत ते स्वगत कुठे येते? खेड्यात प्रयोगासाठी आलेली मुंबईची हौशी मंडळी रिकाम्या वेळात अभिरूप न्यायालयाचा खेळ मांडतात. आरोपी म्हणून बेणारेला निवडतात आणि खेळता खेळता तिच्या खऱ्या आयुष्यात हात घालतात. शेवटी न्यायाधीश काशीकर तिला बोलायला मोजके सेकंद देतात. ती बोलते तेव्हा बाकी सगळे जागच्या जागी गोठलेले असतात. तिचे बोलणे संपते आणि कोर्ट जणू ती काही बोललीच नाही अशा थाटात पुढे सरकते. जे सत्य तिच्याकडून उकरून काढायला ही मंडळी इतका वेळ झटली, ते ती सांगते तेव्हा ऐकायला कोणीच नसते. ती गोठलेली माणसे काढून टाकली की उरते फक्त एका दुःखी बाईची कैफियत. प्रेक्षक हळहळतो आणि टाळ्या वाजवतो. आपणही त्या कोर्टात बसलो होतो, हे त्याच्या ध्यानात येत नाही.

ही माणसे तरी कोण? वकिली न चाललेले सुखात्मे, इंटर नापास पोंक्षे, काशीकरांच्या अन्नावर वाढलेला रोकडे. बाहेरच्या जगात यांना कोणी विचारत नाही. एका संध्याकाळपुरती काळा कोट आणि साक्षीदाराचा पिंजरा यांची सत्ता मिळते आणि ती वापरायला बेणारे हाताशी असते. गावातला सामंत तर कादंबरीतला मजकूर साक्ष म्हणून सांगतो आणि तो चालतो. काशीकर न्यायासनावरून उतरून स्वतःच साक्ष देतात, तेही चालते. बेणारेला ज्यांच्यापासून दिवस गेले ते विवाहित प्रा. दामले नाटकभर येतच नाहीत, पण त्यांना आरोपी करावे हे कोणाच्या मनात येत नाही. आरोप भ्रूणहत्येचा आणि शिक्षा काय, तर पोटातला गर्भ नष्ट करावा! हे नाटक १९६७चे. तेव्हा गर्भपाताचा कायदाही झालेला नव्हता, तो १९७१ साली आला.

हे सगळे रंगमंचापुरते होते असे कोणाला वाटत असेल, तर त्याने मथुरा प्रकरण आठवावे. १९७२ साली आपल्याच विदर्भात, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. सत्र न्यायालयाने तिलाच खोटारडी ठरवले, तिच्या आधीच्या संबंधांचा हिशेब मांडला आणि पोलिसांना सोडले. उच्च न्यायालयाने पोलिसांना दोषी धरले, पण सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. तिथे न्यायाधीश खरे होते, कोट खरे होते.

‘कमला’ १९८१चे. त्यामागे एका इंग्रजी दैनिकाच्या पत्रकाराने खरोखर बाई विकत घेऊन छापलेली बातमी आहे. नाटकातला जयसिंग जाधव बाजारातून कमलाला २५० रुपयांना विकत आणतो आणि पत्रकार परिषदेत उभी करतो. देशात बायका विकल्या जातात, हे त्याला सिद्ध करायचे आहे, आणि ते खरेच आहे. म्हणूनच हे नाटक मला जास्त अस्वस्थ करते. सुखात्मे-काशीकरांचा खोटेपणा उघड दिसतो, जयसिंग मात्र खरे बोलतो आहे. तरी आपल्याला कुठे आणि कशासाठी नेताहेत हे कमलाला तो सांगत नाही. परिषदेत तिला विचारलेले घाणेरडे प्रश्न घरी येऊन मित्रासह हसत हसत सांगतो. सत्य बाहेर काढायची सत्ता त्याची, अंग मात्र तिचे.

बेणारेला भाषा आहे, शिक्षण आहे, नोकरी आहे, आणि तिचे कोणी ऐकत नाही. कमलाजवळ यातले काही नाही. पण ती जयसिंगच्या बायकोला, सरिताला विचारते, मालकाने तुला कितीला घेतले? त्या एका प्रश्नाने दिल्लीतले ते सुखवस्तू घर उभे चिरते. सरिता ‘सातशे’ म्हणते तेव्हा पहिल्यांदा स्वतःकडे पाहते. प्रश्न विचारायचा हक्क दोन्ही नाटकांत पुरुषांनी आपल्याकडे ठेवला आहे, तो एकदाच एका विकत आणलेल्या बाईच्या तोंडी जातो. माझ्या मते हा प्रसंग बेणारेच्या स्वगताइतकाच मोठा आहे, आणि तो स्पर्धांत फारसा कोणी करत नाही.

‘कमला’त एक उणीव मात्र मला सलते. कमलाला आश्रमात धाडल्यावर नाटक सरिताचे होते, जयसिंगची नोकरी जाते, आणि कमलाचे पुढे काय झाले हे आपणही विसरतो. तेंडुलकर स्वतः पत्रकार होते. ही विस्मृती त्यांनी मुद्दाम ठेवली असावी असे मला वाटते, पण तसे मानले तरी बोच कमी होत नाही.

अत्याचारित स्त्रीची ओळख छापायला कायद्याने बंदी आली ती १९८३ साली, मथुरा प्रकरणानंतरच्या दुरुस्तीत. तरीही घर, गल्ली, नातेवाईक यांची वर्णने देऊन ती ओळखू येईल अशा बातम्या आजही वाचायला मिळतात. आपल्या दैनिकाने तसे कधी होऊ देऊ नये, ही विनंती आहे.

आणि स्पर्धांच्या आयोजकांना एवढेच सुचवते की, बेणारेचे स्वगत घेतले तर मागे चार-पाच मूक कलाकार बसवायची मुभा द्या. त्यांनी फक्त हलायचे नाही. एकपात्रीचा नियम आडवा येत असेल तर नियम बदला.

आपली,
एक नाट्यप्रेमी वाचक, सातारा