हॉस्पिटल किती लांब यापेक्षा कितीदा जावं लागणार ते बघ

प्रिय मंदार,

तुझा मेसेज वाचला, पुण्याच्या त्या सिनियर सिटीझन सोसायटीचे फोटो पण नीट बघितले. छान आहे सगळं, आत दवाखाना, गेटवर ॲम्ब्युलन्स, मोठं हॉस्पिटल जवळ. आणि इकडे बाबा आचऱ्याकडच्या घराची कौलं बदलायचं इस्टिमेट काढून बसलेत. तुम्ही दोघं पुणे की गाव एवढंच धरून बसलायत, पण मी सगळी नोकरी वॉर्डात काढली, मला हे जरा वेगळं दिसतं, म्हणून फोनवर न बोलता लिहितेय. फोनवर तू मधेच "आई पण ऐक ना" करतोस.

कुठल्या दुखण्याला किती अंतर चालतं ते आधी बघ. बाबांचा गुडघा बदलायचाय, आज ना उद्या माझा मोतीबिंदू निघेल, ही ठरवून करायची कामं. त्यासाठी मुंबईला जाऊ, बेंगळुरूला तुझ्याकडे येऊ, महिनाभर राहू, काही बिघडत नाही. अशा ऑपरेशनसाठी उरलेलं सगळं आयुष्य हॉस्पिटलशेजारी काढायची गरज नाही, आणि लोक घर घेताना नेमका त्याचाच विचार करतात, अमक्या हॉस्पिटलपासून पाच मिनिटं म्हणून.

अंतर नडतं ते दोन ठिकाणी. एक म्हणजे ज्यात घड्याळ चालू होतं. लकवा मारला तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याच्या आधी सीटी स्कॅन होऊन मेंदूत रक्तस्राव नाही ना ते बघावं लागतं, म्हणजे साडेचार तासात घरातून निघणं, गाडी मिळणं, रस्ता, स्कॅन आणि तो वाचणारा डॉक्टर हे सगळं आलं. रात्री झोपेत झालं असेल तर माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला तिथपासून मोजतात. हार्ट अटॅकमधे थोडी सवड असते असं लोकांना वाटतं, नसते, तिथे जितका उशीर तितका हृदयाचा स्नायू जातो, पण त्यात एक बरं आहे की ईसीजी काढून इंजेक्शन देण्याचं काम छोट्या हॉस्पिटलात सुद्धा होऊ शकतं, मग पुढे अँजिओप्लास्टीला हलवता येतं. म्हणून मला मोठ्या नावाचं हॉस्पिटल जवळ नको, ईसीजी, सीटी आणि रात्री जागा असलेला डॉक्टर जवळ हवा.

दुसरं म्हणजे जे पुन्हा पुन्हा लागतं. याचा विचार तुम्ही दोघांनी अजिबात केलेला नाही. बाबांचं क्रिएटिनिन (किडनी कमी काम करायला लागली की रक्तात वाढतं ते) गेल्या दोन रिपोर्टमधे वर गेलंय, तुला सांगितलं होतं. देव न करो पण उद्या डायलिसिस लागलं तर आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास मशीनवर, आणि त्यानंतर माणूस गळून गेलेला असतो. आचऱ्याकडून ओरोसच्या जिल्हा रुग्णालयापर्यंतचा वळणावळणाचा रस्ता आठवड्यातून तीनदा जाऊन येऊन, पावसाळ्यात सुद्धा, कोण करणार? बाबांना रात्रीची गाडी आताच दिसत नाही समोरची. माझ्या वॉर्डात लांबच्या गावाहून डायलिसिसला येणारे पेशंट दुखण्यापेक्षा प्रवासाने आधी खचायचे, आधी आठवड्यातली एक फेरी गाळायचे, मग दोन, आणि मग कधीतरी रात्री अकराला धाप लागून यायचे. हे मी बघितलंय रे, म्हणून इतकं लांबलचक लिहितेय.

वाडीत सोबतीचा प्रश्न तर सगळ्यात अवघड. आपल्या वाडीतली निम्मी घरं बंद असतात, गणपतीला उघडतात आणि परत कुलूप. शेजारच्या काकी मायेच्या आहेत पण त्या स्वतः पंच्याहत्तरच्या पुढे. १०८ ला फोन केला तर गाडी येते, पण गाडीत माणसाला उचलून ठेवायला, बरोबर जायला, तिथे फॉर्म भरायला कोणीतरी लागतं. आणि २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं तेव्हा किती गावांत दिवसेंदिवस लाईट नव्हती आठव. माझं इन्सुलिन फ्रिजमधे असतं.

मग पुणे का नको? पुण्यात सगळं आहे, मी नाही म्हणत नाही. पण तिथे आमचं कोण आहे? तू बेंगळुरूला, ताई कॅनडात. ओळखीचा डॉक्टर नाही, ओळखीचा मेडिकलवाला नाही, बाबा चौथ्या मजल्यावर दिवसभर टीव्ही लावून बसतील आणि वर्षभरात त्यांचं चालणं बंद होईल. चालणं बंद झालं की म्हाताऱ्या माणसाचं सगळंच उतरणीला लागतं.

म्हणून मी म्हणतेय कुडाळ. हसू नकोस. ओरोसचं जिल्हा रुग्णालय तिथून जवळ, आता सरकारी मेडिकल कॉलेज पण आहे, पडव्याला हॉस्पिटल आहे. बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज हायवेने ८०-८५ किलोमीटर, रस्ता सरळ, घाट नाही. कोल्हापूर पण आहे, पण मधे घाट, आणि पावसात दरड आली की संपलं, त्यामुळे कोल्हापूर मी हिशोबातच धरत नाही. बांबोळीचं एक लक्षात ठेव, ते दुसरं राज्य. २०१८ च्या जानेवारीत तिथे बाहेरच्या राज्यातल्या पेशंटना पैसे लावायला सुरुवात झाली तेव्हा दोडामार्ग-सावंतवाडीच्या लोकांनी केवढं आंदोलन केलं होतं. आपल्याकडची कुठली योजना तिथे चालेल हे गरजेच्या आधी विचारून ठेवायचं, स्ट्रेचरवर असताना नाही.

तुझ्यासाठी पण कुडाळ सोपं. बेंगळुरू ते गोव्यातलं मोपा विमानतळ, विमानाने, तिथून टॅक्सी. गावाचं घर पण तुटत नाही, बाबा आठवड्यातून एकदा जाऊन माडांना पाणी घालून येतील, चार दिवस राहायचं तर राहू.

आता पैशाचं. बाबांचं सीजीएचएस कार्ड, म्हणजे केंद्र सरकारच्या नोकरदार-पेन्शनरांच्या आरोग्य योजनेचं, मुंबईचं आहे, कुडाळला त्यांचा दवाखाना नाही. अशा ठिकाणी राहणाऱ्या पेन्शनरला ओपीडीसाठी महिन्याला १००० रुपये भत्ता घेता येतो (२०१७ मधे ५०० चे १००० झाले) आणि ॲडमिट व्हायच्या सोयीसाठी कार्ड ठेवता येतं. हजारात आमच्या दोघांच्या गोळ्या येत नाहीत हे खरं, पण वरचा खर्च पुण्याच्या मेंटेनन्सपेक्षा कमीच होईल. आणि ते सत्तरच्या वरच्यांचं वय वंदना कार्ड, २०२४ च्या ऑक्टोबरमधे आलेलं, वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचं, ते सगळे काढतायत म्हणून बाबांना घाईने काढून देऊ नकोस. सीजीएचएसवाल्यांना दोन्हीपैकी एकच निवडावं लागतं. मावशीला पेन्शन नाही, तिचं मात्र लगेच काढ, फक्त ते ॲडमिट झाल्यावर उपयोगाचं, महिन्याच्या गोळ्या त्यात येत नाहीत हे तिला समजावून सांग.

फ्लॅट लगेच विकत घ्यायचा नाही. जून ते सप्टेंबर भाड्याने राहून बघू, कोकणात पावसाळा काढल्याशिवाय काही कळत नाही. लिफ्टवाली बिल्डिंग, स्टेशनपासून फार लांब नको, आणि लिफ्टमधे स्ट्रेचर मावतं का ते तू स्वतः जाऊन बघ, एजंटवर विश्वास ठेवू नकोस. मी तोवर जिल्हा रुग्णालयात डायलिसिसची किती मशीन चालू आहेत आणि रात्री सीटी होतो का ते प्रत्यक्ष विचारून येते.

बाबांना अजून यातलं काही बोलले नाहीये. कौलांचं काम चालू राहू दे, ते घर नीट राहायलाच हवं. तू पुढच्या शनिवारी फोन करशील तेव्हा क्रिएटिनिनचा विषय तू काढ, माझं ऐकत नाहीत, तुझं ऐकतील.

जेवत जा वेळेवर.

तुझी,
आई