थर्माकोलच्या झाकणाबद्दल आभार, काका

तीर्थस्वरूप काका,
शिरसाष्टांग नमस्कार.

त्या संध्याकाळी हर्णै बंदरावर मासळीचा लिलाव रंगला होता, बैलगाड्या पाण्यात उतरलेल्या, मागे सुवर्णदुर्ग आणि केशरी आभाळ. आणि मी फोटो काढताना मावशीच्या चेहऱ्याचं पीठ करत होतो. फ्लॅश कॅमेऱ्याच्या डोक्यावर, उजेड सरळ तोंडावर; नाक गेलं, सुरकुत्या गेल्या, नथ तेवढी चमकली. फ्लॅश बंद केला की आभाळ सुरेख आणि मावशी कोळसा. तुम्ही दापोलीहून सुरमई घ्यायला आलेले. पिशवी वाळूत टेकवून म्हणालात, "आधी तो दिवा डोक्यावरून उतरव."

कॅमेऱ्यापासून सुटा केलेला फ्लॅश दुरून पेटवणारा ट्रिगर निघाला तुमच्या स्कूटरच्या डिकीतून. बाजाराला जाताना ट्रिगर घेऊन फिरणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

फ्लॅशचा उजेड मऊ करायची माझी पांढरी छत्री वाऱ्यानं पहिल्याच मिनिटाला उलटी केली. "पाऊस नाय नि छत्री कसली रे?" मावशी हसली. (तो हसतानाचा फोटो हुकला, अजून चुटपुट लागते.) मग तुम्ही बर्फाच्या पेटीचं थर्माकोलचं झाकण उचललंत, भाच्याला मावशीच्या डाव्या हाताला धरायला लावलंत आणि फ्लॅश तिच्यावर न मारता त्या झाकणावर मारलात. एवढ्याशा दिव्याची दोन हात रुंद खिडकी झाली. सावल्या मऊ पडल्या, तरी सुरकुत्या जागच्या जागी. भाचा कंटाळून मागे सरकला तेव्हा ओरडलात, "नमनाच्या खेळाला गॅसबत्तीपासून दुप्पट लांब बसलास तर उजेड अर्धा नाही, पाव मिळतो!" चार फुटांवरून आठ फुटांवर गेलेल्या झाकणाचा हिशेब मला तेव्हा कळला.

पण खरं ऋण शटरचं. भिंगाचं तोंड (एफ ५.६) आणि सेन्सरची संवेदनशीलता (आयएसओ १००) तशीच ठेवून तुम्ही शटर सेकंदाच्या १/६० वरून १/२०० वर आणलंत. आभाळ गडद झालं, ढगांच्या कडा उठल्या, मावशीचा चेहरा मात्र तोच. फ्लॅश सेकंदाच्या हजाराव्या भागात आपलं काम उरकतो, शटर त्यानंतर किती वेळ उघडं राहतं याच्याशी त्याला देणंघेणं नाही, आभाळाला आहे. मी हुरळून १/५०० केलं, तर फोटोत आडवा काळा पट्टा! वेग तेवढा वाढला की शटरच्या दोन पडद्यांमधली फट सरकत जाते, चित्र टिपणारा सगळा सेन्सर एका क्षणी उघडा नसतो, हे तुम्ही दोन तळहात सरकवून दाखवलंत. चार वर्षं मी तो पट्टा कॅमेऱ्याचा बिघाड समजत होतो.

शेवटी फ्लॅशवर नारिंगी जिलेटीन चढवलंत आणि चेहऱ्यावरचा उजेड मावळतीत मिसळून गेला.

फोटो मावशीच्या ओटीवर लागला आहे. तुमचे चार पेन्सिल सेल माझ्या पिशवीत राहिलेत. रविवारी दापोलीला येतोय, घेऊन येतो. मावशीनं सुके बोंबीलही बांधून ठेवलेत, नको म्हणू नका.

आपला,
छत्रीवाला

हर्णै