बशीतल्या पेशी आणि बोंडातली अळी

माननीय संपादक महोदय,

‘कॅन्सरच्या पेशी औषधाला सरावल्या’ अशा मथळ्याच्या बातम्या अधूनमधून छापून येतात. बातमी खोटी नसते, पण ‘सरावल्या’ हा शब्द घोटाळा करतो. माणसाला तंबाखूची सवय लागावी तशी पेशीला अँटिबॉडीची (ठरावीक प्रथिनाला चिकटणाऱ्या औषधी प्रथिनाची) सवय लागते, असे वाचणाऱ्याला वाटते. प्रयोगशाळेत खरे काय घडते ते आपल्या मराठवाड्यातल्या कापूसवाल्याला दोन वाक्यांत कळेल, कारण त्याने ते बोंड फोडून पाहिले आहे.

बीटी कपाशी २००२ मध्ये आली, दोन जनुकांची २००६ मध्ये. तिच्यातले विष अळीच्या आतड्यातल्या ठरावीक प्रथिनांना चिकटले तरच अळी मरते. काही मोजक्या गुलाबी बोंडअळ्यांमध्ये ती प्रथिनेच बिघडलेली होती, त्यामुळे विषाला धरायला जागा राहिली नाही. बाकीच्या मेल्या, या उरल्या, पुढची पिलावळ यांचीच झाली. २०१७ च्या हंगामात त्याचे काय झाले ते इथल्या शेतकऱ्याला सांगायला नको. त्यात कुठलीही एक अळी विषाला सरावली नव्हती.

अँटिबॉडीचेही असेच. ती पेशीच्या पृष्ठभागावरचे एक ठरावीक प्रथिन ओळखते, दुसरे नाही. ट्रास्टुझुमॅब हे स्तनाच्या कॅन्सरवरचे अँटिबॉडी-औषध १९९८ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. ते ‘हर-टू’ या प्रथिनाला धरते. त्याच्या अभ्यासासाठी एसके-बीआर-३ आणि बीटी-४७४ या स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी वर्षानुवर्षे वापरात आहेत. (नावात बीटी असली तरी दुसरीचा कपाशीशी काही संबंध नाही.) निरोगी पेशीवर हर-टू हजारांत मोजावे लागते, या पेशींवर ते दहा-वीस लाखांच्या घरात असते.

दाद न देणारी पेशी तयार करायची रीत साधी, पण चिवटपणाची. ३७ अंश सेल्सिअस आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेल्या इन्क्युबेटरमध्ये, १० टक्के वासराचे सीरम (रक्त गोठल्यावर उरणारा द्रव) घातलेल्या माध्यमात पेशी वाढवायच्या. माध्यमाच्या दर मिलिलिटरला साधारण १० मायक्रोग्रॅम अँटिबॉडी टाकायची आणि दर दोन-तीन दिवसांनी माध्यम बदलताना ती पुन्हा घालायची. पहिले काही आठवडे फ्लास्क मेल्यासारखा दिसतो. वास्तविक बहुतेक पेशी मेलेल्या नसतात, त्यांचे विभाजन थांबलेले असते. मग एखाद्या कोपऱ्यात वाटाण्याच्या डाळीएवढा ठिपका वाढू लागतो. तीन ते सहा महिन्यांत त्या ठिपक्याची वंशावळ फ्लास्क भरून टाकते. शेजारी अँटिबॉडी न घातलेला, तितक्याच वेळा फ्लास्क बदललेला जोडफ्लास्क हवाच. तो नसेल तर झालेला बदल औषधामुळे की नुसत्या काळामुळे, हे कोणी सांगू शकत नाही.

या उरलेल्या पेशी तपासल्या की दर वेळी एकच कारण सापडेल असे नाही. कुठे हर-टू कमी झालेले असते. कुठे त्याचे बाहेरचे डोकेच कापलेले असते. उरलेला बुंधा आतून वाढीचा निरोप देत राहतो आणि अँटिबॉडीला धरायला काही सापडत नाही. कुठे हर-टूचे कुलूप जागेवर असते पण आतली तार दुसरीकडून जोडलेली असते: पीटेन नावाचा लगाम गळून पडतो, किंवा वाढीचा निरोप पुढे नेणाऱ्या पीआय-३ किनेजच्या जनुकात बदल होऊन वाढीचा दिवा कायम पेटलेला राहतो. जेआयएमटी-१ या स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींमध्ये तर म्यूसिन-४ हे लांबलचक, शेवाळासारखे प्रथिन हर-टूवर पसरून ते झाकून टाकते. प्रथिन आहे, पण अँटिबॉडी तिथवर पोहोचत नाही.

दुसरा प्रयोग वेगळ्या हल्ल्याचा. राजी आणि रामोस या लसिकापेशींच्या कॅन्सरच्या पेशी माध्यमात तरंगत वाढतात. त्यांच्यावरचे सीडी-२० हे प्रथिन म्हणजे रिटुक्सिमॅब या अँटिबॉडीचे लक्ष्य. हे औषध १९९७ चे. त्यांना अँटिबॉडी आणि सोबत १० ते २० टक्के ताजे मानवी सीरम दिले की सीरममधली कॉम्प्लिमेंट (शरीराच्या बचावाची) प्रथिने एकामागोमाग चिकटत जातात आणि शेवटी पेशीच्या पडद्याला भोके पाडतात. तास-दोन तासांत मोठा भाग मरतो. वाचलेल्या धुऊन आठवडा-दोन आठवडे वाढवायच्या आणि पुन्हा तोच मारा करायचा. काही फेऱ्यांनंतर उरतात त्यांच्यावर सीडी-२० विरळ असते, किंवा रखवालदार प्रथिने जास्त असतात. सीडी-५५ कॉम्प्लिमेंटची साखळी मधेच मोडते, सीडी-५९ शेवटचे भोक पुरे होऊ देत नाही.

इथे आमच्याच म्हणण्याला एक अपवाद सांगितला पाहिजे. मारायला पुरेल त्यापेक्षा कमी कॉम्प्लिमेंट पडले, तर जगलेल्या पेशी थोड्या काळापुरत्या खरोखरच निबर होतात. भोके पडलेला पडद्याचा तुकडा त्या बुडबुड्यासारखा बाहेर टाकतात आणि बचावाची प्रथिने तयार करतात. याला सराव म्हणा हवे तर. पण हा गुण ओसरतो, पिढ्यान्‌पिढ्या टिकत नाही. म्हणून पेशी काही आठवडे अँटिबॉडीशिवाय वाढवून पुन्हा परीक्षा घ्यायची. तग टिकला तर तो वंशातला, गेला तर तात्पुरता. ही पायरी गाळून काढलेला निष्कर्ष आम्ही कच्चा समजतो.

आणि पुष्कळदा प्रतिकार नसतोच, चूक असते. कॉम्प्लिमेंट फार नाजूक. ५६ अंशांवर अर्धा तास ठेवले की ते निकामी होते; खोलीत पडून राहिले तरी हळूहळू मरते. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा ४२ च्या वर असताना वीज गेली आणि सीरमची कुपी दुपारभर टेबलावर राहिली, तर संध्याकाळी सगळ्या पेशी ठणठणीत दिसणारच. म्हणून सीरम लहान कुप्यांत उणे ८० अंशांवर ठेवावे, बर्फावर वितळवावे, वितळलेले पुन्हा गोठवू नये. प्रत्येक खेपेला तुलनेसाठी तीन जोड लावावेत: मूळच्या नाजूक पेशींवर पुरा हल्ला (त्या मेल्याच पाहिजेत), अँटिबॉडीसोबत तापवून मारलेले सीरम आणि अँटिबॉडीशिवाय नुसते ताजे सीरम. पहिल्या जोडात पेशी मेल्या नाहीत तर त्या दिवसाची वही बंद करावी.

चिकटून वाढणाऱ्या पेशी सोडवताना ट्रिप्सिन हे प्रथिने तोडणारे द्रव्य जास्त वेळ राहिले तर पृष्ठभागावरची काही प्रथिने तेच कुरतडते, आणि ‘लक्ष्य नाहीसे झाले’ असा खोटा शोध लागतो. त्या दिवशी नुसते ईडीटीए (प्रथिने न तोडता पेशी सोडवणारे रसायन) वापरावे. मायकोप्लाझ्मा या अतिसूक्ष्म जिवाणूची लागण माध्यम गढूळ करत नाही, नेहमीच्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसतही नाही, पण पेशीची वागणूक पार बदलते; त्याची तपासणी वेळापत्रकात हवी. तशीच पेशीच्या ओळखीचीही, कारण एका फ्लास्कमधला थेंब दुसऱ्यात गेला की जोमदार पेशी दुसरीला गिळून टाकते आणि लेबल मात्र जुनेच राहते. पहिल्याच आठवड्यात १० टक्के डीएमएसओ (गोठताना पेशींना जपणारे द्रव्य) घालून मूळ पेशींच्या आठ-दहा कुप्या द्रव नायट्रोजनमध्ये, म्हणजे उणे १९६ अंशांवर, गोठवून ठेवाव्यात. पशुवैद्यकीय दवाखान्यात कृत्रिम रेतनाच्या कांड्या ज्या नळकांड्यात असतात तेच तत्त्व.

आता मुद्दा रुग्णांचा. प्रयोगशाळेतल्या बशीत अँटिबॉडी बहुधा एकटी असते. शरीरात तिची शेपटी धरून एनके पेशी (रोगप्रतिकार करणाऱ्या मारेकरी पेशी) कॅन्सरच्या पेशीवर तुटून पडतात. २००० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, शेपटी धरणारी प्रथिनेच नसलेल्या उंदरांमध्ये ट्रास्टुझुमॅब आणि रिटुक्सिमॅब या दोन्हींचा बराच प्रभाव गेला. म्हणजे बशीत जे हरले ते शरीरात हरेलच असे नाही, आणि उलटही खरे. म्हणून बातमी देताना पेशी कुठली होती, हल्ल्यात सीरम किंवा एनके पेशी होत्या का आणि औषध थांबवल्यावर तग टिकला का, एवढे तरी छापावे.

हिंगोली-बीडहून छत्रपती संभाजीनगरला सुईसाठी येणाऱ्या बाईच्या हाती असा मथळा पडला आणि ‘आता लागू पडत नाही’ म्हणून तिने फेरी चुकवली, तर नुकसान तिचे. ट्रास्टुझुमॅबच्या तीन आठवड्यांच्या वेळापत्रकात पहिला डोस किलोमागे ८ मिलिग्रॅम आणि पुढचे ६ असतात. तारीख आठवड्याच्या आत हुकली तर नेहमीचा डोस शक्य तितक्या लवकर घेता येतो. त्याहून उशीर झाला तर बहुधा पुन्हा ८ पासून सुरुवात करावी लागते. शंका आली तर सुई न चुकवता डॉक्टरांना विचारावे. आजार उलटला असेल तर नव्या गाठीचा तुकडा काढून हर-टू पुन्हा तपासता येते.

आपले,
पेशीसंवर्धन शिकवणारे दोन शिक्षक, नांदेड