सोनूच्या कागदावर सही करण्याआधी

मँचेस्टर,
८ फेब्रुवारी २०२६

ती. दादा आणि वहिनी,
साष्टांग नमस्कार.

त्या फुटबॉल एजंटाने सोनूसाठी दिलेल्या कराराच्या कागदाचे चारही फोटो मिळाले. परवा फोनवर माझा आवाज चढला, म्हणून मीच बोलणं आवरतं घेतलं आणि ठरवलं की नीट लिहूनच कळवायचं. वहिनी, तुम्हीही वाचा. तुमचं वाचून झालं की सोनूला द्या. तो सोळा वर्षांचा आहे, पण हा त्याच्या पायांचा सौदा आहे आणि त्याला सगळं कळायला हवं.

आधी निरोप सांगते: सही करू नका आणि ते साडेतीन लाखही देऊ नका. निदान हे पत्र वाचून आपलं एकदा बोलणं होईपर्यंत तरी नको.

दादा, तू म्हणालास, "पोरगा पैशाच्या मागे धावणारा निघू नये, पण दारात आलेली संधी सोडायची कशी?" त्यातलं पहिलं वाक्य मला जास्त लागलं. टीव्हीवर कुणी क्लब बदलला की तू म्हणतोस, यांना निष्ठा नाही. अरे, तू सातपूरची कंपनी सोडून अंबडला गेलास तो चार हजार जास्त मिळत होते म्हणून. आईने तेव्हा पेढे वाटले होते. तुला कोणी बेईमान म्हणालं नाही आणि म्हणायला नकोच होतं. तुझी नोकरी साठीपर्यंत चालेल. फुटबॉलवाल्याची पस्तिशीला संपते, आणि गुडघा गेला तर पंचविशीलाच. मिळायचे ते पैसे त्याला तेवढ्यातच मिळवायचे असतात.

इथे हा हक्क खेळाडूंना कोणी आपणहून दिला नाही. १९६१ पर्यंत इंग्लंडमध्ये कितीही मोठा खेळाडू असला तरी आठवड्याला २० पौंडांच्या वर पगार द्यायचा नाही असा नियम होता. मैदानं भरत होती, तिकिटांचे पैसे क्लबकडे जात होते आणि ज्याला बघायला लोक यायचे त्याला कारखान्यातल्या कामगाराइतकंच मिळायचं. जिमी हिल खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्ष होता. त्याने संपाची हाक दिली तेव्हा ती मर्यादा गेली, आणि फुलमचा जॉनी हेन्स आठवड्याला १०० पौंड घेणारा पहिला खेळाडू ठरला. तरी एक बेडी राहिलीच. करार संपला तरी क्लबच्या मर्जीशिवाय कुठे जाता येत नव्हतं. जॉर्ज ईस्टहॅमला न्यूकॅसल सोडायचं होतं, क्लब सोडेना. मग त्याने खेळणंच थांबवलं आणि लंडनजवळच्या सरे भागात एका मित्राच्या धंद्यात कॉर्क विकायला लागला. इंग्लंडच्या पहिल्या फळीतला खेळाडू, दादा, महिनोन्‌महिने बुचं विकत होता! शेवटी १९६० मध्ये क्लबने त्याला आर्सेनलला विकलं. त्याचं काम झालं होतं, पण त्याने खटला सोडला नाही, आणि १९६३ मध्ये न्यायालयाने सांगितलं की माणसाला असं अडकवून ठेवणं बेकायदेशीर आहे.

बेल्जियमच्या जाँ-मार्क बोसमनचंही तेच. १९९० मध्ये त्याचा करार संपला. लिएजच्या क्लबने नवा करार पुढे केला तो आधीच्या पगाराच्या पाव पगाराचा. फ्रान्समधल्या क्लबात जातो म्हणाला, तर त्याच्यासाठी पैसे मागितले. तो पाच वर्षं कोर्टात झगडला. १५ डिसेंबर १९९५ ला निकाल लागला, की युरोपातल्या खेळाडूचा करार संपला की तो मोकळा. आज जे करोडोंचे करार तू वाचतोस ते या निकालाच्या पायावर उभे आहेत. बोसमनच्या स्वतःच्या हाती त्यातलं फारसं काही लागलं नाही. तो माणूस आठवला की मला अजूनही वाईट वाटतं.

तेव्हा सोनूने उद्या जास्त पगारासाठी क्लब बदलला तर मला अभिमानच वाटेल. माझी भीती दुसरीकडे आहे.

तुला १९९९ आठवतं? बायचुंग भुतिया ईस्ट बंगाल सोडून इंग्लंडमधल्या बेरी नावाच्या क्लबात गेला, तेव्हा तू पेपरातलं कात्रण कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतंस. ते बेरी माझ्या घरापासून ट्रामने जेमतेम अर्ध्या तासावर आहे. १८८५ साली स्थापन झालेला क्लब, १९०० आणि १९०३ मध्ये एफए कप जिंकलेला. २०१९ च्या उन्हाळ्याआधी त्यांचा संघ वरच्या श्रेणीत चढला. ज्या खेळाडूंनी तो चढवला त्यांचेच पगार थकले होते. करारावर आकडे होते, सह्या होत्या, खात्यात काही येत नव्हतं. २७ ऑगस्ट २०१९ ला क्लबला लीगमधून काढून टाकलं. त्यानंतर एकदा मी गिग लेनवर, त्यांच्या मैदानावर, मुद्दाम गेले होते. फाटकाला कुलूप होतं. मी बाहेर उभी राहून तुझं ते कात्रण आठवत होते. २०२३ मध्ये तिथे पुन्हा फुटबॉल सुरू झाला, लोकांनी एकत्र येऊन क्लब उभा केला, हे मात्र फार चांगलं झालं.

आपल्याकडेही गेल्या जुलैत काय झालं ते सोनूला माहीत असेल. भारतीय फुटबॉल फेडरेशनचा आणि इंडियन सुपर लीग चालवणाऱ्या कंपनीचा करार डिसेंबरात संपणार होता, पुढचं ठरलं नव्हतं, म्हणून हंगामच थांबवला. काही क्लबांनी खेळाडूंचे पगार थांबवल्याचं उघड जाहीर केलं. भारतातली फुटबॉलची सगळ्यात मोठी लीग आहे ती.

मला यात आप्पाच दिसतात. मी दहावीत होते तेव्हाचा तो व्यापारी आठव. दिंडोरीच्या बागेत आला, घड हातात घेऊन आप्पांची तोंडभरून स्तुती केली, बाकीच्यांपेक्षा किलोला तीन रुपये जास्त देतो म्हणाला. चार दिवसांत सगळा माल खुडून गाड्या भरून गेल्या. हातात एक चिठ्ठी आणि पुढच्या तारखेचा चेक. चेक वटला नाही आणि माणूस पुन्हा दिसला नाही. आप्पा त्यानंतर कितीदा तरी म्हणायचे, "भाव विचारला, पण माणूस कोण ते विचारलंच नाही." त्यांनी जास्त भाव मागितला यात त्यांची काही चूक नव्हती. त्यांच्या बाजूने कागद वाचणारं कोणी नव्हतं.

चांगला एजंट म्हणजे कागद वाचणारा तोच माणूस. मी एजंटांच्या विरोधात नाही, हे नीट समजून घे. आमच्या कचेरीत खालच्या श्रेणीतल्या काही खेळाडूंच्या कराचे हिशेब होतात. नावं सांगता येत नाहीत, पण काही जणांच्या एजंटांनी त्यांना खरोखर सावरलंय. दुखापत झाली तर पगार चालू राहील का, क्लब खाली घसरला तर किती कापणार, दुसऱ्या क्लबने मागणी केली तर किती रकमेला सोडावंच लागेल, हे सगळं त्यांनी आधी लिहून घेतलं. वीस वर्षांच्या मुलाला क्लबच्या वकिलासमोर हे सुचत नाही.

पण एजंटाचे पैसे कोण देतं ते आधी बघावं लागतं. बाजार समितीत २०१६ पर्यंत अडत शेतकऱ्याच्या पट्टीतून कापायचे, मग ती खरेदीदाराकडून घ्यायचं ठरलं. आप्पांना केवढा आनंद झाला होता! फुटबॉलमध्ये उलटा गोंधळ आहे. खेळाडूच्या एजंटाचे पैसे बऱ्याचदा क्लबच भरतो. ऐकायला बरं वाटतं. पण ज्याच्याशी भांडून पगार वाढवायचा त्याच्याच खिशातून एजंटाला पैसे येत असतील, तर तो किती भांडेल? शिवाय इथल्या कायद्याप्रमाणे क्लबने खेळाडूच्या वतीने भरलेली ती रक्कम खेळाडूचाच लाभ धरतात आणि कर त्याच्याकडून घेतात. एका मुलाला हे ठाऊकच नव्हतं. कराची नोटीस हातात घेऊन तो माझ्यासमोर बसला होता आणि पुन्हा पुन्हा म्हणत होता, "पण हे पैसे मी बघितलेसुद्धा नाहीत." या धंद्यात पैसा किती आहे ते सांगते. २०२३-२४ च्या हिशेबात एकट्या प्रीमियर लीगच्या क्लबांनी एजंटांना ४० कोटी पौंडांहून जास्त दिले. एवढा पैसा असला की चांगल्यांबरोबर बाकीचेही येतात.

आता तुझा कागद. काल रात्री तीनदा वाचला.

सोनूला अठराच्या आत पोर्तुगालच्या क्लबात नोंदवून देतो, असं त्यात लिहिलंय. फिफाच्या नियमांप्रमाणे अठराखालच्या मुलाची परदेशी क्लबात नोंदणी होत नाही. अपवाद आहेत, पण ते मुख्यतः असे: आईवडील फुटबॉल सोडून दुसऱ्या कारणाने त्या देशात राहायला गेले असतील, किंवा घर सीमेलगत असेल, किंवा मुलगा युरोपातल्याच एका देशातून दुसरीकडे जात असेल. नाशिकच्या मुलाला यातलं काय लागू होणार? म्हणजे साडेतीन लाख ज्या 'ट्रायल आणि नोंदणी'साठी मागितलेत, त्यातली नोंदणी होणारच नाही. ट्रायल म्हणजे चार दिवस कुठल्यातरी मैदानावर पळवतील, फोटो काढतील आणि परत पाठवतील. दादा, एवढी एकच गोष्ट लक्षात ठेवलीस तरी पुरे.

मुदत पाच वर्षांची घातलीय. फिफाच्या नियमात एजंट आणि खेळाडूचा करार दोन वर्षांच्या वर करता येत नाही. वाटा वीस टक्के, आणि तोही 'सर्व उत्पन्नावर'. फिफाने २०२३ मध्ये खेळाडूच्या एजंटासाठी पगाराच्या तीन टक्के, आणि वर्षाला दोन लाख डॉलरपर्यंत पगार असेल तर पाच टक्के, अशी मर्यादा ठरवली होती. एजंट कोर्टात गेले आणि डिसेंबर २०२३ मध्ये ती स्थगित झाली. पण कुठे पाच आणि कुठे वीस!

त्या माणसाने देवळालीच्या मैदानावर सोनूचा नंबर घेतला आणि महिनाभर परस्पर मेसेज केले, हे वहिनींनी सांगितलं तेव्हा मला झोप लागली नाही. अल्पवयीन मुलाशी बोलण्याआधी पालकांची लेखी परवानगी लागते, आणि तीसुद्धा तो व्यावसायिक करार करण्याच्या वयाच्या सहा महिने आत आला असेल तरच. एजंटाला फिफाची परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो आणि परवानाधारकांची यादी फिफाच्या साइटवर कोणालाही बघता येते. मी बघितली. त्याने व्हिजिटिंग कार्डावर छापलेलं नाव मला त्यात सापडलं नाही. स्पेलिंग वेगळं असू शकतं, म्हणून तू त्याच्याकडे परवान्याचा नंबर माग. नुसता नंबर. काय उत्तर देतो ते मला कळव.

शेवटचं, सोनूच्या अकादमीच्या सरांबद्दल. "अकादमीची नोंदणी सोडवून घ्या, आम्ही त्याला फ्री प्लेअर दाखवू," म्हणजे कुठल्याच क्लबाशी न बांधलेला, असं त्या एजंटाने सुचवलंय. हे अजिबात करू नका. खेळाडू पुढे एका देशातून दुसऱ्या देशात विकला गेला, तर त्या रकमेतले पाच टक्के त्याला बाराव्या ते तेविसाव्या वर्षापर्यंत घडवणाऱ्या क्लबांना वाटले जातात. बारा ते पंधरा या वयाच्या प्रत्येक वर्षाचा पाव टक्का, पुढच्या प्रत्येक वर्षाचा अर्धा. सरांनी सोनूला ती चारही वर्षं शिकवलंय. उद्या कोणी त्याच्यासाठी एक कोटी मोजले तर त्यातले एक लाख सरांच्या अकादमीचे होतात. पावसाळ्यात मैदानावर चिखल असतो म्हणून हा माणूस पहाटे पाचला येऊन गोलपुढे भुसा टाकायचा, हे तूच मला सांगितलं होतंस. नोंदणीचे कागद नीट राहिले तरच त्यांना तो हक्क मिळेल. त्यांना घरी बोलाव, हा कागद दाखव. त्यांना न विचारता काही करू नकोस.

सोनू, तू हे वाचत असशील तर ऐक. तुझा राग आला असेल तर आत्यावर काढ, बाबांवर नको. तुझ्या डाव्या पायाचा तो व्हिडिओ मी ऑफिसात चौघांना दाखवलाय. मी अडवत नाहीये तुला. दोन वर्षं आहेत, त्यात आपल्या देशातल्या वरच्या लीगच्या क्लबांच्या युवा संघांसाठी प्रयत्न कर. तिथल्या चाचण्यांच्या प्रवासाचा आणि राहण्याचा खर्च मी देईन, हे मी इथे लिहून देतेय. अठरा पूर्ण झाल्यावर खरा परवाना असलेला एजंट आपण तिघं मिळून शोधू. तो दोन वर्षांसाठी असेल आणि त्याचा कागद आधी मी वाचेन.

येत्या रविवारी तुमच्याकडे संध्याकाळी साडेसात वाजता, म्हणजे इथे दुपारी दोनला, व्हिडिओ कॉल करते. सरांना तेव्हाच बोलावता आलं तर उत्तम. वहिनी, बागेत खुडा सुरू झाला असेल, या वर्षी व्यापारी कोण आहे आणि पैसे रोख आहेत का तेही सांगा. आईच्या गुडघ्याचा पट्टा कुरिअरने पाठवलाय, आठवड्यात पोहोचेल.

आणि दादा, कागदाच्या चौथ्या पानाचा फोटो हललेला आलाय. करार मध्येच सोडला तर किती भरायचे ते त्याच पानावर खाली बारीक अक्षरात लिहिलेलं दिसतंय, आकडा वाचता येत नाही. तेवढं पान उजेडात धरून पुन्हा पाठव.

तुझी,
धाकटी